मधला उजेड

"मान जरा वर कर," आप्पा म्हणाले. "एवढी नको. पोह्यांची बशी देताना करतेस तेवढीच."

मी पोह्यांची बशी देताना करते तेवढी मान वर केली. सांगलीतल्या मगदूमांच्या दुकानात छताला एक लांबलचक फळी ठोकलेली होती, तिच्यात वीस-बावीस गोल दिवे बसवलेले होते, आणि त्यांतल्या एका पेटलेल्या दिव्याखाली मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. समोर आप्पा हाताची घडी घालून उभे. त्यांनी आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे कशाकडेही नीट बघायचं म्हटलं की ते एक डोळा बारीक करत. त्या दिवशी मोजणीला माझा चेहरा होता.

दुकानाचे मालक बाहुबली मगदूम यांना राहवेना.

"साहेब, रागावू नका, पण हॉलचे दिवे बघायला माणूस कशाला बसवलंय खाली? घरात पेशंट हाय का कोण?"

"चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायचंय," आप्पा म्हणाले.

मगदूमांनी आधी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांच्याही घरात मुली असाव्यात. "असं होय," म्हणाले, आणि हळूच काउंटरवरच्या पोऱ्याला चहा सांगायला पाठवून दिलं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी अजूनही दिवे त्यांच्याच दुकानातून आणते.

गोष्ट अशी होती की रविवारी कऱ्हाडजवळचे पिसाळ मला बघायला येणार होते. ते तेरावे. आधीचे बारा जण आमच्या हॉलमध्ये बसून, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले होते, आणि सगळ्यांनी एकच कळवलं होतं. आई गोरी आहे. मी आप्पांवर गेले. माझं शिक्षण एमएस्सी केमिस्ट्री, वय एकोणतीस, नाकीडोळी नीटस. पण पहिल्या वाक्यात "रंग जरा सावळा" आलं की पुढचं कोणी ऐकत नसे. बाराव्यांचा नकार आला त्या संध्याकाळी आप्पा बराच वेळ हॉलमध्ये छताकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "चूक पोरीची नाही. चूक उजेडाची आहे."

शेजाऱ्यांनी दुमजली इमारत उठवल्यापासून तासगावातल्या आमच्या हॉलला दिवसासुद्धा दिवे लागत. पीओपीचं छत केलं तेव्हा त्यात आठ गोल डबे बसवले होते आणि त्यांत सीएफएलचे पांढरे दिवे होते. त्या उजेडात गोरा माणूस पिठासारखा दिसे आणि माझ्यासारखा राखेसारखा. हे आप्पांचं निरीक्षण अगदी खरं होतं. माणूस चुकीच्या कामात पडला तरी त्याची मोजमापं बरोबर असू शकतात.

"जुन्या दिव्यांची भोकं केवढी हायत?" मगदूमांनी विचारलं.

आप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. हॉल सोळा बाय अकरा, आठ वर्तुळं, प्रत्येक सहा इंच, भिंतीपासूनची अंतरं आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. पाहुण्यांचा सोफा कुठे, माझी खुर्ची कुठे, तेही त्यात होतं. खुर्चीच्या जागी त्यांनी एक बारीक फुली मारली होती. नकाशात हद्दीचा दगड दाखवतात तशी.

"मग हे छोटे चालायचे न्हाईत," मगदूम म्हणाले. "हे तीन इंची. आणि तसंबी हे माणसाला वाईट. उजेड वरनं सरळ खाली पडतो, डोळ्याखाली खड्डे दिसत्यात. शोकेसला बरे. तुम्ही हे घ्या, सहा इंची. पसरट उजेड. शिवाय ह्यात तीन रंग हायत."

त्यांनी बटण दाबलं. माझ्या अंगावर पांढरा उजेड पडला. आप्पांच्या कपाळाला आठी पडली.

"आता बघा की." मगदूमांनी बटण बंद करून लगेच चालू केलं. उजेड पिवळा झाला. "परत." पुन्हा टक टक. आता ना पांढरा, ना पिवळा. सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात असतो तसा. "ह्याला नॅचरल म्हणत्यात. परत टक टक केलं की पुन्हा पांढरा. असं फिरत ऱ्हातंय. आणि बराच वेळ बंद ठेवून लावला तर शेवटचा रंग असेल तोच येतो."

"पिवळा दाखवा पुन्हा."

पिवळा दाखवला.

"आता मधला."

अर्धा तास त्यांनी माझे रंग बदलले. दुकानात आलेलं एक जोडपं पंखा बघायचं सोडून मला बघत उभं राहिलं. मी चेहऱ्यावर काहीही येऊ न देता समोरच्या वायरींच्या भेंडोळ्यांकडे बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त मारणाऱ्याच्या हातात मध्येच बाहेर जाऊन तुमच्यासाठी आणलेली लस्सीची बाटली असते.

"पिवळ्यात गोरी दिसते," आप्पा शेवटी म्हणाले, "पण दिव्यामुळे दिसते हे कळतं. मधल्यात नाही कळत. मधला घेऊ."

---

मी काय काम करत होते ते सांगायला हवं, म्हणजे मी त्या स्टुलावर बसून काय विचार करत होते ते कळेल. गावाबाहेरच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. रसाचं ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचं माप, काढायचं, मळी तपासायची, आणि तयार साखरेची प्रत ठरवायची. प्रत ठरवण्यासाठी आमच्याकडे सीलबंद बाटल्यांमधून नमुने असतात. पोत्यातली साखर त्या बाटल्यांशेजारी ठेवून बघायची, कोणत्या बाटलीशी जुळते ते. हे काम उत्तरेकडच्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात करायचं. दिव्याखाली साखर बघितलेली आमच्या चीफ केमिस्टना चालत नसे. "दिवा साखरेची बाजू घेतो," असं ते म्हणत.

मला ते काम फार आवडायचं. हंगामात अंगाला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा उसाच्या रसाचा वास यायचा, आणि मला तो अत्तरासारखा वाटायचा. येत्या गळीत हंगामापासून मला शिफ्ट केमिस्ट करणार होते. आमच्या कारखान्यात त्या जागेवर तोपर्यंत एकही बाई बसलेली नव्हती. दसऱ्यानंतर बॉयलर पेटणार आणि मी त्या खुर्चीत बसणार, एवढं एकच चित्र त्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांपुढे होतं.

आणि पिसाळांची अट पहिल्या फोनलाच आली होती. आईचे चुलतभाऊ रावसाहेबमामा मध्यस्थ होते. त्यांनी सांगितलं, "मुलगा रणधीर, दीडशे म्हशींचा गोठा, दुधाचा मोठा धंदा, बंगला. फक्त सुनेनं नोकरी करायची नाही. त्यांच्यात पद्धत नाही."

"सोडेल की," आई म्हणाली. मी तिथेच बसून घेवडा निवडत होते.

आता एखादी म्हणेल, मग तोंड का नाही उघडलंस? मीसुद्धा आज कुणाला हेच विचारीन. पण घरात कोणी ओरडणारं, मारणारं असतं ना, तर तोंड उघडणं सोपं जातं. आप्पा शिडीवर चढून स्वतः छताची भोकं मोजत होते. त्यांना चक्कर यायची, म्हणून आई खाली शिडी धरून उभी. अशा माणसाला "मला नको" कुठल्या पायरीवर असताना सांगायचं?

आणि खरं म्हणजे मला कधी सांगावं लागलंच नव्हतं. माझ्या वाटचं "नको" बारा वेळा दुसऱ्यांनीच म्हटलं होतं. रावसाहेबमामांचा फोन यायचा, "योग नाही म्हणतात," आप्पा फोन ठेवायचे, आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची, आणि मी स्वतःला सांगायचे, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सायकल काढून कारखान्याची वाट धरली की फाटकापर्यंत मी शीळ घालत जायचे. माझा रंग ही माझी ढाल होती. कोणाशी भांडायचं नाही, कोणाला दुखवायचं नाही, फक्त जाऊन खुर्चीत बसायचं. बाकीचं काम रंग करायचा.

आता आप्पांनी ती ढाल काढून घ्यायची ठरवली होती, आणि तीही एवढ्या मायेने, की मला हूं का चूं करता येईना.

---

शुक्रवारी वायरमन येऊन दिवे बसवून गेला. शनिवारी रंगीत तालीम झाली. मी साडी नेसून फुलीवरच्या खुर्चीत बसले. आई सोफ्यावर, नवऱ्या मुलाची आई म्हणून. आप्पा बोर्डापाशी.

"नाव काय बाई?" आईने आवाज जाड करून विचारलं आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं.

"अगं, हसू नकोस," आप्पा म्हणाले. "वृषाली, खुर्ची अर्धा फूट मागे घे. हां. आता नाकाची सावली गेली."

"मला तर गोठ्यापाशी बघितलं होतं तुझ्या आजीनं," आई मला म्हणाली. "भर उन्हात. शेणाच्या हातानं. कसले दिवे आन् कसलं काय."

"तू गोरी होतीस," आप्पा म्हणाले. ते एवढं साधं म्हणाले की आई उठून स्वयंपाकघरात गेली.

त्यांनी दिवे मधल्या रंगावर आणले, बटण तसंच चालू ठेवलं आणि त्याच्यावर आडवी चिकटपट्टी लावली. "रविवार होईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही," म्हणाले. शनिवारची रात्रभर आमच्या रिकाम्या हॉलमध्ये आठ दिवे जळत राहिले. वीज वाया जाते म्हणून एरवी न्हाणीघरातला दिवा मागे फिरून बंद करणारा माणूस!

मी आरशात जाऊन पाहिलं. त्या उजेडात मी चांगली दिसत होते. खोटं कशाला बोलू, खूप चांगली दिसत होते. आणि मी आरशाकडे पाठ फिरवली.

---

पिसाळ अकरा वाजता आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि रावसाहेबमामा. आईने स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं आणि मागे येऊन माझ्या कानात पुटपुटली, "पिशवी जड दिसतीय गं त्यांची. ओटीचं सामान घेऊनच आल्यात."

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलाची आई तिथल्या तिथे तिची ओटी भरते. पसंत नसेल तर "कळवतो" म्हणून उठतात. ओटीत नारळ पडला की झालं, मग मागे फिरता येत नाही. बारा वेळा मी ओटीचं सामान घरात आलेलंच पाहिलं नव्हतं. आईने माझा पदर सारखा केला, ट्रे माझ्या हातात दिला आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेली.

स्वयंपाकघरातून हॉलकडे जाताना डाव्या हाताला बोर्ड आहे. मी तिथपर्यंत आले आणि थांबले. चार पावलांवर हॉल होता. आतून रावसाहेबमामांचं हसणं ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, आत गेलीस की संपलं. दसरा नाही, बॉयलर नाही, खुर्ची नाही.

मी ट्रे फ्रिजवर ठेवला. नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं, ओढून काढली, आणि टक टक.

हॉल क्षणभर अंधारला आणि पुन्हा उजळला. पांढराफटक.

"लाइट गेली काय?" मामा म्हणाले.

"आली, आली," आप्पांचा आवाज आला.

मी ट्रे उचलून आत गेले. आप्पा सोफ्यावरून अर्धवट उठले होते. उठून बोर्डापाशी जावं तर पाहुण्यांच्या लक्षात येणार, बसून राहावं तर मी राखेसारखी दिसणार. ते तसेच वाकलेले राहिले, मग हळूच खाली बसले. मी बशा दिल्या, नमस्कार केला आणि फुलीवर जाऊन बसले. मान किती वर करायची ते माहीत होतं. त्याहून जास्त केली. म्हटलं, बघा नीट.

पिसाळकाकू भारदस्त बाई. त्यांनी मला बघितलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मुलाने एकदा बघितलं आणि म्हणाला, "पंखा जरा वाढवता का?"

"काय करतीस?" काकूंनी विचारलं.

"साखर कारखान्यात केमिस्ट आहे."

"ते सोडायचं ठरलंय न्हवं?"

"ठरलंय की," मामा म्हणाले.

"आधी किती ठिकाणं झाली?"

"दोन-तीन," आई घाईने म्हणाली.

"बारा." काकू शांतपणे म्हणाल्या. "रावसाहेबांनी सांगितलंय मला. लपवायचं कशाला त्यात? बारा ऐकूनच तर मी आले."

काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आमची थोरली पुण्याची. गोरीपान, नक्षत्रावानी. चारचौघींत उठून दिसावी म्हणून हौसेनं आणली. दोन महिन्यांत सुरू झालं, मला असं चालत न्हाई, मला तसं चालत न्हाई. आता हाय माहेरी. तवाच मी ह्यांना म्हटलं, धाकट्याला रूप बघायचं न्हाई. बारा जणांनी नको म्हटलेली पोरगी तेराव्याच्या घरात मान खाली घालून ऱ्हाती. जाईन म्हटलं तरी जाणार कुठं?"

त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत, हेच भयंकर होतं. वांगी निवडताना कोणती बघून घ्यावीत हे शेजारणीला सांगावं, तसं त्या सांगत होत्या. मी आप्पांकडे पाहिलं. ते खाली, फरशीकडे बघत होते. त्या उजेडात त्यांचा चेहरा माझ्यासारखाच दिसत होता.

"पसंत हाय आम्हाला," काकू म्हणाल्या. "पाट मांडा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझ्या ढालीवर मी इतकी वर्षं विसंबले, आणि ही बाई नेमकी ती ढाल बघून आली होती. पिवळा लावला असता, मधला लावला असता, दिवा फोडून टाकला असता, तरी तिचं उत्तर तेच होतं. आता माझ्या वतीने "नको" म्हणणारं त्या खोलीत कोणी उरलं नव्हतं.

आईने पाट मांडला. मी पाटावर उभी राहिले. काकूंनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुडी समोरच्या ताटात सोडली, मला हळदकुंकू लावलं. नारळ हातात घेऊन म्हणाल्या, "पदर पसर गं."

माझे हात उठेनात.

"लाजतीय," मामा म्हणाले.

"वृषाली, पदर धर," आई मागून म्हणाली. मी तशीच उभी. तेव्हा तिने मागून येऊन माझ्या दोन्ही बाजूंनी हात घातले, माझा पदर धरला आणि स्वतःच पुढे पसरला. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. काकूंनी ओंजळभर तांदूळ टाकले, खण ठेवला, वर नारळ ठेवला. त्याचं वजन मला खांद्यापर्यंत जाणवलं.

मी नारळ उचलला आणि त्यांच्या ताटात परत ठेवला. खण ठेवला. तांदूळ तेवढे राहिले, कारण ते वेचता येईनात.

"मला हे लग्न करायचं नाही," मी म्हणाले.

माझा आवाज चढला नव्हता. लॅबमध्ये नमुना नापास झाला की सांगते, तसाच होता.

पिसाळकाकूंनी खण-नारळ पिशवीत भरला. "आम्ही रंगाकडं काणाडोळा केला," म्हणाल्या, "आन् ही नकार देतीया आम्हाला! रावसाहेब, चला." रणधीरने पोहे संपवले होते, तो लगेच उठला. त्याचे वडील जाताना आप्पांना नमस्कार करायला थांबले, तेवढे एकटेच.

मामा दारातून परत आले. "माझं नाक कापलंस," मला म्हणाले. "ह्यापुढं ह्या घरात स्थळ आणलं तर नाव बदलीन." आणि गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडायला लागली.

---

आप्पा जागेवरून हलले नव्हते. मी पाटावरून खाली उतरले. पदरातले तांदूळ फरशीवर सांडले. आप्पा उठले, बोर्डापाशी गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती चिकटपट्टी होती.

"लाइट गेली नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"म्हणजे हे तू केलंस."

"हो."

ते पाटावर बसले. तेवढ्या मोठ्या माणसाला तसं जमिनीलगत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. आप्पा आता नाहीत. पण त्यांची आठवण आली की शिडीवरचे आप्पा मला आठवत नाहीत, पाटावरचे आठवतात.

"ह्यांच्याच वेळी केलंस, का आधीपासून मनात होतं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. नोकरीचं, शिफ्टच्या खुर्चीचं, आणि नकार आला की मला सुटल्यासारखं वाटायचं तेही. सांगताना मला हलकं वाटत होतं. मी वर त्यांच्याकडे बघितलं आणि तो हलकेपणा गेला.

"बारा वेळा मी त्या फोनपाशी बसलो, पोरी," आप्पा म्हणाले. "फोन येईस्तवर अन्न जात नव्हतं. मला वाटायचं, हिला माझा रंग आला. आईचा आला असता तर कधीच उजवली असती. माझ्यामुळं अडलंय पोरीचं." त्यांनी चिकटपट्टीची बोटांत गोळी केली. "रात्र रात्र हेच. आणि तू शीळ घालत जायचीस?"

मी बारा वेळा सुटले, ते यांच्या मानेवर पाय देऊन सुटले होते. माझं "नको" मी दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं, आणि ते ऐकायला आप्पांना बसवलं. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

आतलं रडणं थांबलं होतं. आई दारात येऊन उभी होती.

"एक विचारतो," आप्पा म्हणाले. "खरं सांग. त्या बारांतल्या एकालाबी तू हो म्हटलं नसतंस?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. आठ वर्षं झाली, अजून वाटतं, खोटंच बोलायला हवं होतं.

"एकाला म्हटलं असतं," मी म्हणाले.

"कोणाला?"

"पलूसचे ते मास्तर. त्यांनी मला विचारलं होतं, उसाच्या रसात साखर किती आहे ते कळतं कसं. मी सांगितलं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही, आप्पा."

"मग?"

"मग काय. तेही नाही म्हणाले."

आप्पांनी मान वर केली. पांढऱ्या उजेडात त्यांच्या डोळ्यांतलं पाणी स्पष्ट दिसत होतं.

"अगं, मग मला सांगायचंस की! मी गेलो असतो परत पलूसला. त्याच्या दारात उभा राहिलो असतो. हात जोडले असते, पाया पडलो असतो त्याच्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणाले.